एप्रिलमध्ये कोल्ड स्टोरेजला पाणी पुरत नाही, हेड प्रेशरही चढतं : नवं बोअर मारण्याआधी ओव्हरफ्लो बघा

मार्चच्या मध्यावर फोन सुरू होतात ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाहीत. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग. सगळीकडे बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं, बहुतेक ठिकाणी अमोनियाचा प्लांट आणि तक्रारी दोनच. "बोअर दम टाकतंय" आणि "हेड खाली येत नाही". हेड म्हणजे कंडेन्सरमधला, अमोनियाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागातला, दाब. मी पोचेपर्यंत मालकानं बहुधा दोन कामं उरकलेली असतात : नव्या बोअरसाठी गाडी सांगितलेली असते आणि कंडेन्सरवर ॲसिड ओतलेलं असतं. पुढच्या एप्रिलला परत तेच, फक्त बोअर आणखी शंभर फूट खोल.

या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत. दोन्हींचं मूळ कंडेन्सरखालच्या टाकीत असतं, आणि ग्रामपंचायतीची हरकत, भूजलाचे नियम, प्रदूषण मंडळाचा कागद हे सगळंही फिरून त्याच टाकीपाशी येतं. म्हणून हे एकत्रच लिहितोय. तुमच्याकडे इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सर (ज्याच्या नळ्यांवरच पाणी पडतं) असो, नाहीतर शेल-ट्यूब कंडेन्सर आणि वेगळा कूलिंग टॉवर असो, पाण्याचा हिशोब सारखाच आहे.

एप्रिलमध्येच का?

बेदाण्याचा माल शेडवरून फेब्रुवारीपासून निघायला लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये चेंबर भरतात. ऊन खाल्लेली, पस्तीस-चाळीस अंशांवरची खोकी चार-पाच अंशांवर आणायची म्हणजे प्लांटवर वर्षातला सगळ्यात मोठा लोड. दारं सतत उघडी, गाड्या लागलेल्या. नेमक्या त्याच दिवसांत बोअरची पातळी तळाला गेलेली असते आणि जे पाणी येतं ते जास्त जड असतं. म्हणजे पाणी कमी, क्षार जास्त आणि गरज सगळ्यात मोठी, अशी तिन्ही बाजूंनी कोंडी होते. त्यात वीज दिवसातून चार वेळा जाते. ही वीज जाण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

किती पाणी लागायला हवं?

हा आकडा ठाऊक नसेल तर बाकी सगळी तपासणी अंधारात चालते. एक टन रेफ्रिजरेशन म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी. कॉम्प्रेसरची उष्णता धरून कंडेन्सरला साधारण सव्वा ते एक पूर्णांक तीन पट उष्णता बाहेर टाकावी लागते. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. भागाकार केला की टनामागं तासाला साडेसहा-पावणेसात लिटर पाणी वाफ होऊन उडतं. हे उडणारच. ते वाचवायला गेलात तर थंडावा मिळणार नाही.

समजा तुमचा प्लांट ६० टनांचा आहे आणि पूर्ण लोडवर दिवसाला १८ तास चालतो. तासाला ४०० लिटर, म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर वाफ. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार टाकीत मागं राहतात. ते साचून नळ्यांवर बसू नयेत म्हणून थोडं पाणी मुद्दाम सोडावं लागतं, त्याला आपण ब्लीड म्हणतो. टाकीतले क्षार बोअरच्या पाण्याच्या किती पट होऊ द्यायचे यावर ब्लीड ठरतं. वाफेच्या पाण्याला "पट वजा एक"नं भागा, तेवढं पाणी सोडायचं.

दुपटीवर टाकी ठेवली तर ७,२०० लिटर ब्लीड, एकूण १४,४०० लिटर. तिपटीवर ३,६०० ब्लीड, एकूण १०,८००. चौपटीवर २,४०० ब्लीड, एकूण ९,६००. पाचपटीवर १,८०० ब्लीड, एकूण ९,०००. दुपटीवरून चौपटीवर येताना दिवसाला जवळजवळ पाच हजार लिटर वाचतात. चौपटीवरून पाचपटीवर जायला मात्र फक्त सहाशे लिटर मिळतात आणि क्षार धरायचा धोका पुष्कळ वाढतो. म्हणून आपल्या भागातल्या जड पाण्याला मी तीन ते चार पटीतच थांबा म्हणतो. त्यापुढं जाण्यात लोभ आहे, फायदा नाही.

एक प्रत्यक्ष प्रकार

दोन वर्षांपूर्वी असाच ६० टनांचा प्लांट बघायला गेलो. मालकाचं म्हणणं, ब्लीडचा कॉक पूर्ण बंद आहे, थेंबही सोडत नाही, तरी दिवसाला दोन टँकर लागतात. बोअरच्या लाइनवर मीटर नव्हता. पहिला तो बसवला. चोवीस तासांनी आकडा आला २२,००० लिटर. ब्लीड बंद असताना सात-साडेसात हजारांच्या जागी बावीस हजार!

मग टाकीतल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) घेतला. बोअरचा ९५०, टाकीचा १,४००. दीडपटसुद्धा नाही. इथंच खरी गोम आहे आणि हीच खूण सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. ब्लीड बंद असताना टीडीएस चढायलाच हवा, दोन दिवसांत तो तिप्पट-चौपट व्हायला हवा. तो चढत नसेल तर टाकीतलं खारं पाणी कुठून तरी बाहेर जातंय आणि त्याच्या जागी ताजं येतंय. मीटर काय सांगतो आणि टीडीएस काय सांगतो हे जुळलं की शंका राहत नाही. ७,२०० वाफ असताना २२,००० लागतात, म्हणजे साधारण पंधरा हजार लिटर वाहून जातात, आणि तेवढं पाणी गेलं तर क्षार दीडपटीतच राहणार.

कंपाउंडच्या मागं गेलो. एप्रिलचा तिसरा आठवडा, सगळं रान करपलेलं आणि भिंतीच्या पलीकडं वीस-पंचवीस फूट हिरवीगार हरळी. ओव्हरफ्लोचा पाइप जमिनीखालून थेट ओढ्याकडं काढलेला होता. त्याचं तोंड कोणाला दिसत नव्हतं, म्हणून कोणी बघितलं नव्हतं. भिंतीपलीकडच्या वस्तीवरच्या बायका मात्र रोज ती हरळी बघत होत्या आणि पाण्यासाठी अर्धा किलोमीटर चालत होत्या. ग्रामसभेत या स्टोरेजविरुद्ध ठराव का आला, ते मला तिथं उभं राहिल्यावर समजलं.

झालं असं होतं. कंडेन्सर चालू असताना बरंच पाणी वर असतं : पाइपमध्ये, नोझलच्या हेडरमध्ये, कॉइलवरून घसरत. पंप बंद झाला की ते सगळं टाकीत उतरतं. टाकीचा बॉलकॉक इतका वर बसवला होता की उतरणाऱ्या पाण्याला जागाच नव्हती, ते ओव्हरफ्लोतून निघून जायचं. पंप परत सुरू झाला की पातळी खाली जाते, बॉलकॉक उघडतो, ताजं पाणी येतं. पुन्हा बंद, पुन्हा वाहून गेलं. पाइपचं तोंड मोकळं करून खाली पिंपं लावली. एका बंदीला २०० लिटरची तीन पिंपं भरली. पंप कॉम्प्रेसरला जोडलेला, कॉम्प्रेसर थर्मोस्टॅटवर चालू-बंद होणारा आणि वर वीज जाणं-येणं. दिवसभरात अठरा वेळा बंद झाला. जवळजवळ अकरा हजार लिटर असेच गेले.

उरलेलं पाणी दोन ठिकाणी जात होतं. पंख्याखालच्या ड्रिफ्ट एलिमिनेटरच्या (हवेबरोबर उडणारे तुषार अडवणाऱ्या) पट्ट्या मोडलेल्या होत्या, त्यातून बारीक तुषार शेजारच्या द्राक्षबागेवर उडत होते आणि पानांवर पांढरे ठिपके पडत होते. शिवाय टाकीच्या ड्रेन व्हॉल्व्हखाली कचरा अडकून तो पूर्ण बसत नव्हता.

दुरुस्तीला नवं यंत्र लागलं नाही. बॉलकॉकचा दांडा खाली वाकवून चालू पातळी इतकी उतरवली की पंप बंद झाल्यावर ते सहाशे लिटर टाकीतच मावतील. पंप हवा खेचणार नाही एवढं पाणी सक्शनवर राहतंय का, ते चालू असताना तपासलं. एलिमिनेटरच्या पट्ट्या बदलल्या, ड्रेन साफ केला. पाण्याचा पंप कॉम्प्रेसरबरोबर लगेच बंद न होता काही मिनिटं चालत राहील असा टायमर लावला, म्हणजे थोड्या वेळाच्या बंदीत तो थांबतच नाही. आणि मग, मालकाला पटवून, ब्लीडचा कॉक उघडला. आठव्या दिवशी मीटरचा आकडा ९,८०० होता.

तुमच्याकडे कुठून सुरुवात करायची

मीटर नसेल तर मीटर. हे पहिलं, याला पर्याय नाही. बोअरवरून कंडेन्सरकडं जाणाऱ्या स्वतंत्र लाइनवरच बसवा. ऑफिस, कामगारांचे नळ, गाडी धुणं हे त्यात मिसळलं तर आकड्याला अर्थ राहत नाही. टीडीएसचा पेन आणि क्लोराइडचा किट घ्या. दोन्ही मिळून ॲसिडच्या एका फेरीपेक्षा स्वस्त पडतात.

क्लोराइड का, हेही सांगतो, कारण इथं बरेच ऑपरेटर फसतात. टीडीएसमध्ये चुनाही मोजला जातो. पण चुना पाण्यातून बाहेर पडून नळ्यांवर बसला की टीडीएस कमी दिसतो आणि आपल्याला वाटतं पाणी चांगलं आहे. क्लोराइड नळीवर बसत नाही, पाण्यातच राहतं. म्हणून क्लोराइड चौपट आणि टीडीएस मात्र अडीचपट दिसत असेल, तर मधला फरक तुमच्या कॉइलवर चढतोय. ब्लीड लगेच वाढवा.

टीडीएस चढत नाही आणि मीटर पळतोय : ओव्हरफ्लो, ड्रेन, एलिमिनेटर, टाकीची गळती, याच क्रमानं बघा.

टीडीएस खूप चढलाय, मीटर बेतात आहे, पण हेड चढलंय : ब्लीड बंद ठेवल्याची ही शिक्षा. नळ्यांवर पांढरा थर दिसेल, नोझल अर्धे बुजलेले असतील. इथं एक कळकळीची विनंती, कॉइल जस्ताच्या मुलाम्याची असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतू नका. ते क्षाराआधी जस्त खातं, मग लोखंड गंजतं आणि एक-दोन वर्षांत कॉइलला भोकं पडतात. तिथून पुढं ती पाण्याची तक्रार राहत नाही, अमोनियाची गळती होते आणि त्यात माणसं जातात. जस्ताला चालेल असं, गंजरोधक मिसळलेलं रसायन माहीतगाराच्या हातूनच वापरा.

पाणी ठीक, कॉइल स्वच्छ, तरी हेड चढलेलं : सिस्टिममध्ये हवा शिरली असेल. कॉम्प्रेसर बंद ठेवून कंडेन्सरवर पाणी चालू राहू द्या आणि अमोनियाचं तापमान पाण्याच्या तापमानाला आलं की गेज बघा. ३० अंशांना गेजवर साधारण १५५ पीएसआय यायला हवं. त्याहून बरंच जास्त दिसलं तर हवा आहे, ती रीतसर पर्ज करून काढावी लागते आणि ते काम एकट्यानं, मास्कशिवाय कधीच करायचं नाही. चालू प्लांटवर ३५ अंशांचं कंडेन्सिंग म्हणजे सुमारे १८०, ४० अंशांचं म्हणजे सुमारे २१०. आपला एप्रिल कोरडा असतो, कोरड्या हवेत पाणी चांगलं उडतं, त्यामुळं स्वच्छ कंडेन्सरला भर दुपारीही २१०च्या वर जायचं कारण नसतं. तुमच्याकडे रोज दुपारी २४० दिसत असेल तर "ऊनच तसं आहे" म्हणून सोडून देऊ नका.

नियम कुठं आडवे येतात

आधी एक आकडा लक्षात ठेवा : दिवसाला १० घनमीटर. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला १० घनमीटरपेक्षा, म्हणजे १०,००० लिटरपेक्षा, कमी भूजल उपसणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ना-हरकत प्रमाणपत्रातून सूट आहे. त्याच्या वर गेलात की अर्ज, डिजिटल मीटर, उपशाचं शुल्क सगळं मागं लागतं. वरचा हिशोब परत बघा. तोच ६० टनांचा प्लांट दुपटीवर चालवला तर १४,४०० लिटर, चौपटीवर चालवला तर ९,६००. एका बॉलकॉकवर आणि एका ब्लीडच्या कॉकवर तुम्ही सूट मिळणाऱ्यांत आहात की नाही ते ठरतं. फक्त सूट आहे असं तोंडी सांगून भागत नाही. रोजच्या मीटरची वही असली तरच ते सिद्ध करता येतं. त्याच बोअरवर इतर वापर असेल तर तोही उपशात धरला जातो, हे विसरू नका.

राज्याचा कायदा वेगळा आहे. महाराष्ट्र भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम २००९ चा, अंमल २०१४ पासून. त्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर ही "खोल विहीर" धरली आहे आणि शेती व उद्योगासाठी अशा विहिरींवर बंधनं आहेत. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आपल्याकडं सहाशे-आठशे फुटांच्या गप्पा सहज चालतात, म्हणून सांगतोय. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाजवळ नवी विहीर घेण्यावरचं ५०० मीटरचं बंधन तर १९९३ च्या कायद्यापासून लोकांना माहीत आहे. बोअरची गाडी बोलावण्याआधी तालुक्याला जाऊन आपलं गाव कोणत्या पाणलोटात येतं आणि तिथं काय लागू आहे ते लेखी विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय ही माहिती देतं.

टंचाईच्या काळात तहसील कार्यालय खाजगी विहीर किंवा बोअर पिण्याच्या पाण्यासाठी अधिग्रहित करू शकतं. त्यात भांडण करू नका. पिण्याचं पाणी पहिलं, यावर दुमत असायचं कारण नाही. पण तुमचं एकच बोअर असेल आणि ते गेलं तर चेंबरमधला शेकडो शेतकऱ्यांचा माल धोक्यात येतो. म्हणून मार्चमध्येच, नोटिशीची वाट न बघता, आपली खरी गरज किती लिटर ते मीटरच्या वहीसह ग्रामपंचायतीला आणि तहसीलला कळवा. ज्याच्याकडं आकडा असतो त्याचं ऐकलं जातं, हा माझा अनुभव आहे.

कालव्याच्या पाण्याचं थोडक्यात. म्हैसाळ किंवा ताकारीचं आवर्तन आलं की शेतीच्या नावावरचं पाणी स्टोरेजच्या टाकीत घेण्याचा मोह होतो. उद्योगाच्या वापराला जलसंपदा विभागाची वेगळी मंजुरी आणि वेगळा, चढा दर आहे. शेतीच्या पाण्यावर प्लांट चालवू नका.

ब्लीडचं पाणी कुठं सोडता, हा प्रश्न प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात येतो. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानं ओढ्या-नाल्यात सांडपाणी सोडायला मनाई आहे, आणि चौपट खारं, रसायन घातलेलं पाणी हे सांडपाणीच आहे. शेजाऱ्याच्या द्राक्षबागेत तर अजिबात नको. द्राक्षाला क्लोराइड सोसत नाही, म्हणून तर आपल्याकडं डॉगरिजच्या, म्हणजे क्षार सोसणाऱ्या, खुंटावर कलमं करतात. कृष्णाकाठची क्षारपड जमीन ज्यानं बघितलीय त्याला हे जास्त समजावून सांगायला नको. दिवसाला दोन-अडीच हजार लिटर ब्लीड असेल तर फरशा, प्लॅटफॉर्म, क्रेट धुण्याची पहिली फेरी यात ते बहुतेक संपतं. पण ते सगळं गटाराच्या एका ठराविक टाकीत जमलं पाहिजे, जमिनीत मुरता कामा नये.

पुढच्या वर्षासाठी पाणी

नव्या बोअरचे पैसे हाताशी असतील तर ते छपरावर घाला. स्टोरेजचं पत्र्याचं छप्पर सहज दोन हजार चौरस मीटर भरतं. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला असं मानलं तरी आठ लाख लिटर पाणी मिळतं. दिवसाला दहा हजारांनी ते ऐंशी दिवस पुरेल. पाऊस जून ते ऑक्टोबर पडतो आणि आपल्याला पाणी मार्चमध्ये हवं असतं, म्हणून प्लास्टिकच्या अस्तराचं शेततळं लागेल आणि ते झाकावं लागेल, नाहीतर अर्धं पाणी उन्हाळ्याआधीच उडून जाईल. तरीही निम्मं उरलं तर ते सोन्यासारखं आहे, कारण पावसाच्या पाण्यात चुना नसतो. बोअरचं जड पाणी निम्मं आणि तळ्याचं निम्मं असं मिसळलं की टाकीत जाणारा चुना निम्म्यावर येतो, आणि ज्या पाण्याला तिप्पट सोसत नव्हतं ते चौपटीवर बिनधास्त चालतं. तळ्याच्या पाण्यात शेवाळ आणि गाळ येतो, तेवढा वाळूचा फिल्टर मात्र लावा.

त्या ६० टनांच्या प्लांटवर आता ऑपरेटर रोज सकाळी सातला चार आकडे लिहितो : मीटर, टाकीचा टीडीएस, हेड प्रेशर, पंप किती वेळा थांबला. क्लोराइड आठवड्यातून एकदा, सोमवारी. वही गेजच्या शेजारी दोरीनं बांधून ठेवलीय. नव्या बोअरची गाडी त्या वर्षी परत पाठवली. दुसऱ्या, लहान बोअरला भिंतीपलीकडं तोटी काढून दिलीय आणि सकाळी सहा ते नऊ तिथून वस्तीला पाणी जातं.